नाशिकचे रंग दौतीत : पळस, कारवी, कांदा, द्राक्षपान. फाउंटन पेनच्या शाईची मिश्रणं

शाईदौत (धागाकर्ता)

पायलट कंपनीने २००७ साली इरोशिझुकू ही शाईमालिका आणली आणि निसर्गातल्या रंगांवरून शाईला नाव द्यायची पद्धत जगभर रुजली. यामा-बुदो म्हणजे रानद्राक्षं, चिकु-रिन म्हणजे बांबूचं बन, शिन-काइ म्हणजे खोल समुद्र, फुयु-गाकी म्हणजे हिवाळ्यातलं तेंदूफळाच्या जातीचं फळ. शाया उत्तमच आहेत. पण रानद्राक्षाची शाई जपानहून मागवून ती द्राक्षांच्या जिल्ह्यात बसून वापरायची, तर मग आपल्या आजूबाजूचे रंग दौतीत का नकोत? पेनला धोका न होता ते कसे जमवायचे, यासाठी हा धागा.

आधी एक गोष्ट पक्की करू. फाउंटन पेनची साधी शाई म्हणजे पाण्यात पूर्ण विरघळलेलं रंगद्रव्य. तिच्यात पांढरा रंग नसतो. पांढरेपणा कागदाचा. त्यामुळे पळसाच्या पाकळीची मखमल, पुराच्या पाण्याचा गढूळपणा, द्राक्षमण्यावरची पांढुरकी लव हे काहीही थेट शाईत येत नाही. ते दोनच मार्गांनी सुचवता येतं : शाई पातळ करून कागद जास्त दिसू द्यायचा, किंवा विरुद्ध रंगाचा एखादा थेंब घालून रंगाची धार मोडायची. निसर्गातले बहुतेक रंग मोडलेले असतात. बाटलीतली शाई नेहमी जास्त भडक असते, म्हणून मिश्रण करताना बरंचसं काम रंग वाढवण्याचं नसून शांत करण्याचं असतं. शांत करायला काळा घालू नका. काळ्याने रंग मरतो. तपकिरीत निळ्याचा थेंब, जांभळ्यात पिवळ्याचा, हिरव्यात लालचा, असं करा.

मी खालची प्रमाणं प्लॅटिनमच्या मिक्स-फ्री शायांवर बसवली आहेत. या मालिकेतले नऊ रंग एकमेकांत मिसळण्यासाठीच बनवलेले आहेत आणि पातळ करायला त्यांचं वेगळं द्रवही मिळतं. १ भाग = अर्धा मिली धरा.

पळस : सनी यलो ८, फ्लेम रेड १.
कारवी : सिल्की पर्पल २, ऑरोरा ब्लू १, द्रव ३.
कांदा : सायक्लेमन पिंक ३, सिल्की पर्पल १, अर्थ ब्राउन १.
गोदेचा पूर : अर्थ ब्राउन २, सनी यलो १, द्रव ४, वर ऑरोरा ब्लूचा एकच थेंब.
मोरचूद मारलेलं द्राक्षपान : अ‍ॅक्वा ब्लू २, लीफ ग्रीन १, द्रव ५.
जांभळी पाणकोंबडी : ऑरोरा ब्लू ४, सिल्की पर्पल १. द्रव नको.

क्रम महत्त्वाचा आहे. फिकट शाई आधी कुपीत घ्या आणि गडद तिच्यात थोडी थोडी सोडा. पिवळ्यात लाल टाकत गेलं तर पळस सापडतो. लालमध्ये पिवळा ओतत बसलात तर अर्धी बाटली संपते आणि तरी लालच राहतो.

ही सुरुवातीची मात्रा आहे. निब, कागद आणि हवा बदलली की पाव-अर्धा भाग इकडेतिकडे करावा लागेल.

नवखी_लेखणी

छान धागा दादा. दोन शंका. मोजायचं कशाने? औषधाच्या ड्रॉपरने थेंब मोजले तर चालेल का? आणि द्रव नसेल तर पाणी घालू का?

निबघासू

थेंबांवर विसंबू नका ताई. साध्या पाण्याचे साधारण २० थेंब म्हणजे १ मिली होतात, पण शाईत पृष्ठताण कमी करणारा घटक असतो, त्यामुळे तिचा थेंब लहान पडतो. तोही प्रत्येक शाईचा वेगळा. म्हणजे एका रंगाचे आठ थेंब आणि दुसऱ्याचा एक थेंब हे ८:१ नसतंच. शिवाय ड्रॉपर बदलला की सगळं प्रमाण पुन्हा बदलतं.

मेडिकलमधून १ मिलीची सिरिंज घ्या, सुई निघणारी. इन्सुलिनची घ्यायची असेल तर टोपणाचा रंग बघा. लाल टोपणाची यू-४० असते, तिच्यावरच्या ४० रेघा म्हणजे १ मिली. केशरी टोपणाच्या यू-१०० वर १०० रेघा म्हणजे १ मिली. दोन्ही एकाच मिश्रणात वापरल्या आणि रेघाच मोजल्या तर प्रमाण अडीचपट चुकतं. प्रत्येक शाईला वेगळी सिरिंज ठेवा, दांड्यावर पट्टी चिकटवून नाव लिहा. एकच सिरिंज धुऊन धुऊन वापरली की पिवळ्याच्या बाटलीत निळा शिरतो, आणि पिवळा बाटलीभर हिरवट होतो. पिवळा फार लवकर बाटतो.

पाणी : डिस्टिल्ड वॉटरच. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं, ते काही रंगद्रव्यं फिकट करतं. बोअरचं पाणी तर आपल्याकडे चांगलंच जड. कॅल्शियमचे क्षार फीडच्या (शाई निबपर्यंत नेणाऱ्या भागाच्या) बारीक चिरांत बसतात. आरओचं पाणी म्हणजे डिस्टिल्ड नव्हे. आणि डिस्टिल्ड पाणीसुद्धा एकूण मिश्रणाच्या पाचव्या हिश्शापर्यंतच घाला. पाण्याने रंगाबरोबर बुरशीरोधकही पातळ होतो आणि शाईचा प्रवाह बदलतो. धागाकर्त्यांनी दिलेल्या कारवीत निम्मं द्रव आहे. तिथे द्रवाऐवजी निम्मं पाणी घातलंत तर ती कुपी पावसाळ्यात टिकणार नाही. तेवढंच पातळ करायचं असेल तर एका भरणीपुरती शाई बनवा आणि आठवड्याच्या आत संपवा.

मळेकरी_निफाड

धागा आवडला, पण दोन रंगांवर बोलायलाच हवं.

एक, कांदा. कुठला कांदा? खरिपाचा लाल कांदा आणि उन्हाळ कांदा यांचा रंग सारखा नाही. वर दिलेलं प्रमाण लाल कांद्याचं आहे आणि ते बरोबर बसेल. लासलगाव बाजार समितीत उन्हाळ्यात ट्रॉल्या भरून येतो तो उन्हाळ कांदा. त्याचं टरफल तांबूस गुलाबी, सुकलं की तांब्याच्या भांड्याकडे झुकणारं. चाळीत चार महिने राहिलेल्या कांद्याचं वरचं पापुद्र तर जवळजवळ पारदर्शक असतं आणि त्यावर गडद शिरा उभ्या दिसतात. त्याला सायक्लेमन पिंक १, अर्थ ब्राउन २, सनी यलो १ आणि द्रव ४ करून बघा. पिवळ्यामुळे गुलाबीतला निळसरपणा जातो.

दोन, मोरचुदाचं पान. एक टक्का बोर्डो मिश्रण म्हणजे १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. दोन्ही वेगवेगळे विरघळवून एकत्र करतात. चुना कमी पडला की मिश्रण आम्लधर्मी राहतं आणि पानं करपतात. म्हणून लोखंडी विळा किंवा चाकू त्यात बुडवून बघतात, पात्यावर तांबूस थर आला तर अजून चुना लागतो. मुद्दा असा की हे विरघळलेलं नसून तरंगणाऱ्या कणांचं पाणी असतं. पानावर वाळल्यावर आकाशी-पांढुरके ठिपके राहतात, आणि मध्ये पानाचा हिरवा तसाच. म्हणजे निळा आणि हिरवा शेजारी शेजारी असतात, मिसळलेले नसतात. अ‍ॅक्वा ब्लूत लीफ ग्रीन घातला की हिरवट फिरोजी येईल, तो मळ्यात कुठेच दिसत नाही. हिरवा काढून टाका. अ‍ॅक्वा ब्लू १, द्रव ४, आणि हवा तर फ्लेम रेडचा अगदी सुईच्या टोकाएवढा थेंब, निळ्याची धार मोडायला. हिरव्या पानासाठी दुसरं पेन भरा.

शाईदौत

मळेकरी, दोन्ही दुरुस्त्या एकदम मान्य. मूळ धाग्यात बदल करत नाही, म्हणजे चर्चा वाचणाऱ्याला कळेल. मोरचुदाची शाई १:४ ने वाळून फार फिकट दिसेल, एफ (बारीक) निबने वाचताही येणार नाही. बी (रुंद) किंवा स्टब (चपट्या टोकाचं) निब लागेल, किंवा द्रव तीनवर आणा.

काळ्या द्राक्षाचं काय? शरद सीडलेससाठी काय सुचवाल?

मळेकरी_निफाड

शरदचा मणी पुसला तर जवळजवळ काळा-जांभळा. पण वेलीवर असताना त्यावर लव असते, त्यामुळे तो धुरकट निळा दिसतो. घड हाताळला की बोटांचे ठसे उमटतात ते लव पुसली गेल्यामुळेच. व्यापारी लव शाबूत असलेल्या मालाला भाव देतो. शाईत हा दुहेरी रंग आणायचा तर शेडिंग हवं : पातळ जागी धुरकट निळा, साठलेल्या जागी काळसर जांभळा. प्रमाण तुम्ही सांगा.

निबघासू

सिल्की पर्पल ३, ऑरोरा ब्लू २, स्मोक ब्लॅक अर्धा, द्रव ३. इथे काळा चालतो, कारण रंगच काळ्याकडे जाणारा आहे.

शेडिंगबद्दल थोडं लिहितो, कारण निसर्गातल्या रंगांचा जीव त्यातच आहे. रेघ ओढताना शाई सगळीकडे सारखी बसत नाही. अक्षराच्या शेवटी, वळणावर, जिथे निब क्षणभर थांबतं तिथे ती साठते आणि तिथे थर जाड होतो. हा फरक दिसायला तीन गोष्टी जमून याव्या लागतात. शाई मध्यम दाटीची हवी. खूप गडद शाईत जाड थर आणि पातळ थर दोन्ही काळेच दिसतात. निब रुंद हवं, किमान एम (मध्यम). आणि कागद शाई लगेच न पिणारा हवा. ७० जीएसएमच्या झेरॉक्सच्या कागदावर शाई तंतूंत शिरते आणि सगळं सपाट होतं, वर रेघेच्या कडेला शाई फुटते. तोच रंग टोमोए रिव्हरसारख्या, शाई लगेच न पिणाऱ्या जपानी कागदावर बघितला तर दुसरीच शाई वाटते. बाजारातल्या वह्यांमध्ये एकाच कंपनीच्या दोन खेपांचा कागद वेगळा निघतो, म्हणून गठ्ठा घेण्याआधी शेवटच्या पानावर एक ओळ लिहून मागे उमटते का ते बघा.

पावसाळ्यात आणखी एक भानगड. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत कागद ओलावा धरतो आणि एरवी नीट वागणारी वहीसुद्धा शाई फोडते. दोष शाईचा नसतो. वही प्लॅस्टिकच्या पिशवीत सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, एका दिवसात फरक दिसेल. एप्रिल-मेमध्ये उलटं. हवा कोरडी, टोपण उघडं राहिलं की निब काही मिनिटांत सुकतं, आणि पेनमधलं पाणी उडून शाई दाट होते. आठ दिवस पेनमध्ये राहिलेला पळस भरताना होता त्याहून लाल दिसतो तो यामुळे. प्रमाण ठरवताना ताज्या भरलेल्या पेननेच ठरवा.

कारवीची_वाट

कारवीच्या रंगाबद्दल. ती सात वर्षांतून एकदा सामूहिक फुलते हे सगळ्यांना ठाऊक आहे, पण जवळून बघितलं तर फूल एकरंगी नसतं. ताजं उमललेलं निळसर जांभळं, आतल्या बाजूला फिकट, आणि कोमेजताना गुलाबीकडे झुकतं. डोंगरउतारावर दुरून जो रंग दिसतो तो या सगळ्यांची सरासरी आणि त्यात पानांचा हिरवा मिसळून थोडा राखाडी झालेला. त्यामुळे दोन शाया होतील : जवळची कारवी आणि दुरची कारवी. वर दिलेली जवळची आहे. दुरच्या कारवीला त्यातच सनी यलोचा अर्ध्या भागाहून कमी घालून रंग मोडा.

पळसालाही असंच. सगळे केशरीवर थांबतात, पण पळसाची ओळख पाकळीमागच्या निदलपुंजात आहे. तो गडद, काळपट ऑलिव्ह-तपकिरी आणि मखमली. कळ्यांनी भरलेली फांदी दुरून काळी दिसते ती त्यामुळे. केशरी मजकुराला शीर्षक या काळपट तपकिरीत लिहिलं तर रंग एकदम पळसाचा वाटतो, नुसता संत्र्याचा राहत नाही. अर्थ ब्राउन ४, लीफ ग्रीन १, स्मोक ब्लॅक १.

नवखी_लेखणी

मग खऱ्या फुलांचीच शाई का करू नये? रंगपंचमीला रहाडींच्या (रंगाच्या हौदांच्या) रंगासाठी पळसाची फुलं वापरतातच ना. जांभळं तर दारात पडलेली असतात जूनमध्ये.

बोरू_आणि_टाक

करा, अवश्य करा, पण फाउंटन पेनमध्ये भरू नका. बोरू, टाक किंवा कुंचला यांच्यासाठी करा. कारणं सांगतो.

वनस्पतीच्या काढ्यात रंगाबरोबर पिष्ट, साखर, पेक्टिन आणि बारीक तंतू येतात. गाळूनही ते पूर्ण जात नाहीत. फीडच्या चिरा केसाएवढ्या असतात, तिथे हे सुकलं की पाण्याने सुटत नाही. साखर आणि प्रथिनांवर बुरशी धरते, तीही दोन-तीन दिवसांत. टाकाचं निब बाहेरून पुसता येतं, पेनच्या आत हात जात नाही.

पळस : सुकलेली फुलं २० ग्रॅम, देठाकडचा काळा भाग काढून फक्त पाकळ्या. २०० मिली पाण्यात रात्रभर भिजवा, सकाळी मंद आचेवर निम्मं होईपर्यंत ठेवा. कपड्याने गाळा, मग कॉफी फिल्टरमधून. गरम असतानाच २ ग्रॅम तुरटी घाला, ती रंग धरून ठेवते. काढा पिवळट दिसला तर घाबरू नका. खायच्या सोड्याची चिमूट घातली की तो समोर केशरी-लाल होतो. चिमूटच. जास्त झाला तर तपकिरीकडे जातो. डिंक ३ ग्रॅम, म्हणजे टाकावर धरेल.

जांभूळ : याचा रंग आम्लावर ठरतो. लिंबाचे थेंब टाकले की किरमिजी, काहीच न घालता जांभळट, सोडा घातला की निळा आणि मग हिरवट. बघायला सुंदर, पण टिकत नाही. कागद किंचित अल्कधर्मी असला तरी किरमिजी अक्षरं वाळताना निळसर होतात, आणि उजेडात महिन्याभरात सगळं तपकिरी. हळद तर याहून वाईट. तिचं रंगद्रव्य पाण्यात धड विरघळतच नाही आणि उन्हात झपाट्याने उडतं.

टिकणारी शाई हवी असेल तर हिरडा. फोडलेला हिरडा ६० ग्रॅम, पाणी ६०० मिली, लोखंडी भांडं सोडून कुठलंही. रात्रभर भिजत ठेवून निम्मं आटवा, गाळा, थंड झाल्यावर हिराकस (लोहाचं सल्फेट) ४० ग्रॅम आणि बाभळीचा डिंक २० ग्रॅम. ३:२:१ हे जुनं प्रमाण आहे. बुरशीसाठी दोन लवंगा. लिहिताना फिकट राखाडी दिसते, हवेतल्या ऑक्सिजनने लोहाची स्थिती बदलते आणि काही मिनिटांत गडद, दुसऱ्या दिवशी काळी होते. तीच अक्षरं पाण्यात बुडवली तरी हलत नाहीत. हिराकस जास्त झालं तर वर्षानुवर्षांनी कागद खाल्ला जातो, म्हणून हात आखडूनच घाला. सह्याद्रीच्या जंगलाचा सगळ्यात खरा रंग मला हाच वाटतो, कारण तो हिरड्याचाच आहे.

सातपूरकर

बोरू यांनी सगळं नेमकं लिहिलंय. हिरड्याच्या शाईसारखी लोह-टॅनिनची शाई फाउंटन पेनमध्येच हवी असेल तर त्यासाठी बनवलेली, कमी लोहाची घ्या : रोरर अँड क्लिंगनरची सॅलिक्स आणि स्कॅबिओसा, किंवा प्लॅटिनमची क्लासिक मालिका. क्लासिकमधल्या फॉरेस्ट ब्लॅकची अक्षरं लिहिताना हिरवी असतात आणि बघता बघता काळवंडतात. ही शाई पेनमध्ये दोन-तीन आठवड्यांपेक्षा जास्त ठेवायची नाही, आणि दुसऱ्या कुठल्याही शाईत मिसळायची नाही.

मिसळण्याच्या रसायनावर थोडं. मिक्स-फ्री महाग पडते आणि नेहमी मिळत नाही, त्यामुळे बरेच जण कॅमल, सुलेखा, ब्रिल, कृष्णा अशा देशी शायांवर प्रयोग करणार. करायला हरकत नाही, पण तीन पथ्यं पाळा.

एकाच कंपनीच्या, एकाच प्रकारच्या शाया एकमेकांत घाला. दोन कंपन्यांची रंगद्रव्यं विरुद्ध विद्युतभाराची असली तर ती एकमेकांना धरतात आणि गाळ बसतो. आम्लधर्मी शाईत अल्कधर्मी शाई घातली तरी एखादं रंगद्रव्य विरघळलेलं राहत नाही. नूडलर्सची बेस्टेट मालिका अल्कधर्मी आहे, ती कशातच मिसळू नये असं सगळीकडे सांगतात ते याचसाठी. तशी शाई आधी ज्या पेनमध्ये होती ते पेन नीट धुतल्याशिवाय दुसरी भरूही नये.

कणांची शाई, म्हणजे पिगमेंट, विरघळलेल्या रंगाच्या शाईत घालू नका. कण तरंगत ठेवणारा घटक पातळ झाला की ते गोळा होतात. अभ्रकाची चमक असलेल्या शायांनाही हेच लागू.

आणि ४८ तास थांबा. मिश्रण पारदर्शक काचेच्या कुपीत ठेवून दोन दिवसांनी ती न हलवता टॉर्चच्या उजेडात तिरकी धरा. तळाशी चिखल, काचेला चिकटलेले ठिपके किंवा वरती तवंग यातलं काहीही दिसलं तर ओतून टाका. गाळून वापरायचा विचार नको. आज गाळलं तर उद्या पेनमध्ये गाळ बसेल.

आपण विकत घेतलेल्या एखाद्या शाईत काय काय आहे ते बघायचं असेल तर टीपकागदाची २ सेंमी रुंद, १० सेंमी लांब पट्टी कापा. खालून २ सेंमीवर शाईची बारीक रेघ ओढून सुकू द्या. पट्टी पेल्यात उभी लटकवा, फक्त खालचा १ सेंमी पाण्यात. रेघ पाण्याच्या वर राहिली पाहिजे. दहा-पंधरा मिनिटांत रंग सुटे होतात. फिरोजी बहुतेक वेळा पाण्याबरोबर वर धावतो, गुलाबी मागे रेंगाळतो. तपकिरी म्हणून घेतलेल्या शाईत हिरवा, गुलाबी, पिवळा असे तीन-तीन निघतात. रंग कुठल्या बाजूने मोडायचा ते या पट्टीवरून लगेच कळतं.

कारवीची_वाट

उजेडात किती टिकतात हे रंग? वहीत बंद असेल तर ठीक, पण फुलांच्या नोंदी भिंतीवर लावायच्या असतील तर?

सातपूरकर

भडक गुलाबी आणि जांभळे सगळ्यात आधी उडतात. त्यांच्यात इओसिन, ऱ्होडामाइन, मिथाइल व्हायोलेट या जातीची रंगद्रव्यं असतील तर उन्हात काही दिवसांतच फरक दिसतो. कारवीच्या मिश्रणात गुलाबी भाग आधी गेला तर निळी कारवी उरेल. फिरोजीतली थॅलोसायनिन जातीची रंगद्रव्यं बरीच चिवट. घरी तपासायला एकाच कार्डावर सगळे रंग ओढा, अर्धं कार्ड काळ्या जाड कागदाने झाका आणि थेट ऊन येणाऱ्या खिडकीत दोन आठवडे ठेवा. मे महिन्यात तर आठवडा पुरे. झाकलेला आणि उघडा भाग शेजारी धरले की निकाल समोर. भिंतीवर लावायचं असेल तर पिगमेंट शाई घ्या आणि मूळ पान वहीत ठेवून प्रत लावा.

निबघासू

पाणकोंबडीचं राहिलंच की. नांदूर मध्यमेश्वरला जांभळी पाणकोंबडी उन्हात बघितली तर अंगावर जांभळा-निळा, गळ्याशी फिरोजी, आणि चोच व कपाळ लालभडक. मिक्स-फ्रीचा निळा-जांभळा अंगाचा रंग देईल, पण तिची चमक त्यात नाही. त्यासाठी शीन असलेली शाई हवी. शाईत रंगद्रव्य भरपूर असलं आणि कागद ते पीत नसला, तर वाळताना वर रंगद्रव्याचा पातळ थर उरतो आणि तो विरुद्ध रंगाची झळाळी मारतो. निळ्याची लाल. डायमाइनची मॅजेस्टिक ब्लू वापरून बघा, निळा अंगाचा आणि लाल झळाळी चोचीची. सेलरची यामा-दोरीही याच स्वभावाची, हिरवट निळी आणि लाल शीन. तिचं नावही एका पक्ष्याचंच आहे.

शीनची किंमत अशी की वरचा थर सुकला तरी बोटाला लागतो, महिन्यांनंतरही. घामट हाताने पान उलटलं की डाग. अशा शाईला पातळ करू नका, शीनच जाते. आणि मोठ्या फीडच्या ओल्या पेनमध्येच भरा. बारीक, कोरड्या निबने शीन दिसत नाही, फक्त निबच्या वर शाईचा थर चढतो.

नवखी_लेखणी

ड्रॉपरने थेट अंगात शाई भरायच्या एअरमेल कंपनीच्या पेनमध्ये ही मिश्रणं चालतील का? आणि रंग बदलताना पेन कसं धुवायचं?

निबघासू

चालतील, पण सुरुवात त्यात नको. त्या पेनमध्ये २-३ मिली शाई मावते, म्हणजे प्रमाण चुकलं तर तेवढी वाया. कन्व्हर्टरमध्ये (पेनच्या आत बसवायच्या, शाई ओढून घेणाऱ्या नळीत) पाऊण-एक मिलीत काम भागतं. शिवाय ड्रॉपरच्या पेनमध्ये शाई अर्ध्याखाली गेली की हाताच्या उबेने आतली हवा फुगते आणि निबमधून शाईचा थेंब पडतो. उन्हाळ्यात जास्तच. शाई एक-तृतीयांश उरली की पुन्हा भरा, आणि आट्यांना सिलिकॉन ग्रीसचं बोट लावा.

धुणं : निब आणि फीड साध्या पाण्यात, पाणी रंगहीन होईपर्यंत. कोमट चालेल, गरम नको, एबोनाइट आणि प्लॅस्टिक दोन्ही वाकतात. गुलाबी आणि लाल लवकर सुटत नाहीत. त्याला घरगुती अमोनिया १ भाग, पाणी १० भाग आणि भांड्याच्या साबणाचा एक थेंब, १५ मिनिटं. मग भरपूर पाणी. स्पिरिट, थिनर, नेलपेंट रिमूव्हर अजिबात नको, प्लॅस्टिकचं अंग चिरतं. शेवटचं विसळणं डिस्टिल्ड पाण्याने करा, मग निब खाली करून टीपकागदावर रात्रभर उभं ठेवा. ओल्या फीडमध्ये पळस भरला तर पहिलं पान फिकट पिवळं येतं आणि आपल्याला वाटतं प्रमाण बिघडलं.

शाईदौत

सगळ्यांचं मिळून हे असं झालंय, यापुढे प्रमाण देताना कृपया इतकं लिहा : शायांची नावं, मिलीमध्ये मात्रा, निबची रुंदी, कागद, महिना, आणि कुपीत किती दिवस ठेवून बघितलं. नुसतं "छान आला रंग" एवढ्यावर कुणालाच तो पुन्हा करता येत नाही. रंग बघायचा तो वाळल्यावर २४ तासांनी, सकाळी ढगाळ किंवा सावलीच्या उजेडात. एलईडीखाली दोन तपकिरी सारखे दिसतात आणि दारात आणले की एक हिरवट निघतो. कापसाच्या बोळ्याने ओढलेला पट्टाही धरू नका, निबच्या रेघेपेक्षा तो बराच गडद असतो.

कुपीवर चिकटवायच्या पट्टीवर पेन्सिलने लिहा. शाईने लिहिलेलं पहिल्याच सांडण्यात पुसलं जातं.

मळेकरी_निफाड

ऑक्टोबर छाटणीनंतर पोपटी फूट येते, तिचं प्रमाण अजून कुणी दिलेलं नाही. लीफ ग्रीन १ आणि सनी यलो ४ पासून सुरू करा. पण पालवीच्या टोकाला जी तांबूस झाक असते ती कशी आणायची ते निबघासूंनी सांगावं. तो रंग पान तळहाताएवढं होण्याआधीच जातो.

निबघासू

त्याच मिश्रणाच्या ५ मिलीत फ्लेम रेड यू-४० सिरिंजच्या २ रेघा, म्हणजे ०.०५ मिली. पातळ थरात पोपटीच दिसेल, साठलेल्या जागी तांबूस ऑलिव्ह. एम निब, न पिणारा कागद. तिसरी रेघ घातलीत तर सगळंच खाकी होईल.